पदकांची भाषा आणि तलावांचे वास्तव

१९५२ सालच्या हेलसिंकी ऑलिंपिकचा उल्लेख झाला की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर खाशाबा जाधव उभे राहतात. वर्गणी गोळा करून परदेशी गेलेल्या आणि कुस्तीचे कांस्यपदक घेऊन परतलेल्या या कऱ्हाडच्या मल्लाचे स्मरण महाराष्ट्राने ठेवले, हे उचितच झाले. परंतु त्याच हेलसिंकीला स्वतंत्र भारताच्या ऑलिंपिक चमूत प्रथमच स्त्रियांचा समावेश झाला होता आणि त्या चौघींपैकी दोघी मुंबईच्या होत्या, याची आठवण मात्र फारशी कोणाला उरलेली नाही. नीलिमा घोष आणि वांद्र्याच्या मेरी डिसोझा धावण्याच्या शर्यतींत उतरल्या. मुंबईच्या डॉली नझीर आणि कलकत्त्याच्या आरती साहा पोहण्याच्या. आरती साहा यांना त्या वेळी बारावे वर्षही पुरे झाले नव्हते. या दोघीही दोनशे मीटर ब्रेस्टस्ट्रोकच्या शर्यतीत पोहल्या आणि दोघींचीही मजल प्राथमिक फेरीपलीकडे गेली नाही.

ती शर्यत हरली म्हणून विसरावी अशी नव्हे. १९४८ साली राष्ट्रीय स्पर्धा मुंबईत झाल्या तेव्हा आठ वर्षांचीही न झालेली आरती याच प्रकारात रौप्यपदक मिळवून गेली होती. १९५१ साली तिने शंभर मीटर ब्रेस्टस्ट्रोकचे अंतर १ मिनिट ३७.६ सेकंदांत कापून डॉली नझीर यांचा अखिल भारतीय विक्रम मोडला. म्हणजे स्त्रियांच्या ब्रेस्टस्ट्रोकमध्ये त्या काळी मुंबई आणि कलकत्ता या दोन शहरांत खरीखुरी चुरस होती. पुढे १९५९ च्या २९ सप्टेंबरला आरती साहा यांनी इंग्लिश खाडी पार केली. असा पराक्रम करणाऱ्या त्या पहिल्या आशियाई महिला. हेलसिंकीच्या अपयशातून काही उगवलेच नाही असे म्हणता येत नाही. जे उगवले नाही ते संस्थात्मक पीक. आणि आज विचार करावयाचा तो त्याचाच.

हा विचार आजच करण्याचे कारणही सबळ आहे. २०३० सालच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला मिळाले आहे. २०३६ चे ऑलिंपिक भारतात भरवण्याची इच्छा देशाने २०२४ मध्ये लेखी कळवली. आशियाई जलक्रीडा स्पर्धा २०२५ च्या शरदात अहमदाबादेत पार पडल्या. शिवाय २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकपासून पन्नास मीटर ब्रेस्टस्ट्रोकची शर्यत प्रथमच कार्यक्रमात समाविष्ट होत आहे. तलावाची एकच लांबी, अर्ध्या मिनिटाचा खेळ. ज्या देशाच्या पोहणाऱ्यांना लांब अंतराचा दम अजून कमावता आलेला नाही, त्यांना ही एक नवी खिडकीच उघडली आहे. मोठ्या स्पर्धा भरवणारा देश मोठा होतो, अशी एक समजूत अशा वेळी बळावते. ती कितपत खरी आहे हे पाहावयाचे असेल तर अहमदाबादच्या नव्या संकुलाकडे पाहून भागणार नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर येथे राहणारी दहा वर्षांची मुलगी पाण्यापर्यंत पोहोचते की नाही, हे पाहावे लागेल.

हंगेरीचा हिशेब

हेलसिंकीच्या त्या शर्यतीत सुवर्णपदक मिळाले ते हंगेरीच्या एव्हा सेकेय हिला, २ मिनिटे ५१.७ सेकंदांत. आरती साहा यांची वेळ होती ३ मिनिटे ४०.८ सेकंद. दोहोंमधील अंतर सुमारे ४९ सेकंदांचे. यातील काही सेकंद तंत्राच्या खाती टाकले पाहिजेत. त्या काळच्या नियमांत हात पाण्यावरून पुढे आणण्यास मज्जाव नव्हता आणि सेकेय तसेच पोहत असे. पुढे नियम बदलले, बटरफ्लाय हा प्रकार वेगळा काढण्यात आला आणि १९५६ पासून ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी त्याची स्वतंत्र शर्यत सुरू झाली. परंतु ही सूट देऊनही उरणारे अंतर थोडे नव्हते.

सेकेयची कथा केवळ वेळेची नाही. ती ज्यू असल्यामुळे युद्धकाळात तिला क्लबातून काढून टाकण्यात आले होते. बुडापेस्टमध्ये जीव वाचवण्यासाठी कोंडून राहावे लागले तेव्हा शरीर सुटू नये म्हणून ती इमारतीचे जिने रोज पुनःपुन्हा चढत-उतरत असे. अशी जिद्द कोणत्याही देशात एखाद्या व्यक्तीपाशी असू शकते. ती खाशाबांपाशीही होती. परंतु हेलसिंकीत स्त्रियांच्या जलतरणाच्या एकूण पाच शर्यतींपैकी चार हंगेरीने जिंकल्या, हे एका व्यक्तीच्या जिद्दीने घडलेले नव्हते. त्यामागे समाजाने शतकभर जोपासलेली सवय होती. उष्णोदकाची सार्वजनिक स्नानगृहे त्या देशात पूर्वापार आहेत. १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये पोहण्याच्या दोन शर्यती जिंकणारा आल्फ्रेद हायोश हा त्याच बुडापेस्टचा. बाप डॅन्यूब नदीत बुडून मेला, म्हणून या मुलाने पोहण्यात प्रावीण्य मिळवायचे ठरवले. पुढे तो वास्तुशास्त्रज्ञ झाला आणि १९३० साली त्याच्याच आराखड्याप्रमाणे मार्गारेट बेटावर राष्ट्रीय जलतरण तलाव उभा राहिला. खेळाडूने मिळवलेली विद्या पुढच्या पिढीसाठी दगडविटांत बांधून ठेवण्याचे यापेक्षा चांगले उदाहरण सापडणे कठीण.

आता हिशेबाची गोष्ट. हंगेरीची लोकसंख्या तेव्हा सुमारे ९५ लाख होती आणि आजही ती त्याच आसपास आहे. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या होती ९३ लाख ५७ हजार. म्हणजे वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत पसरलेल्या या एका जिल्ह्यात जवळजवळ एक हंगेरी राहते. हंगेरीइतक्या माणसांतून जगाला जिंकणाऱ्या पोहणाऱ्या मुली निर्माण होतात, तर तेवढ्याच माणसांच्या उपनगरांतून का होत नाहीत? ‘आपल्या मुलींच्या अंगात ते नाही’ हे उत्तर देणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अंगात काय आहे हे समजण्यासाठी आधी अंग पाण्यात उतरावे लागते.

शेजाऱ्यांचे धडे

हंगेरी दूरची वाटत असेल तर आशियाकडे वळावे. स्त्रियांच्या ब्रेस्टस्ट्रोकने आशियाला पूर्वीच प्रतिष्ठा मिळवून दिली आहे. जपानची हिदेको माएहाता १९३२ साली दोनशे मीटरमध्ये एका दशांश सेकंदाने सुवर्णपदकाला मुकली आणि चार वर्षांनी बर्लिनला तिने ते मिळवले. ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवणारी ती पहिली जपानी स्त्री. १९९२ साली बार्सिलोनात याच शर्यतीत क्योको इवासाकी ही चौदा वर्षांची शाळकरी मुलगी पहिली आली. चीनच्या लुओ श्वेजुआनने २००४ साली अथेन्समध्ये शंभर मीटरची शर्यत जिंकली आणि २०२४ साली पॅरिसमध्ये चीनच्याच तांग छिएनतिंगने त्या अंतराचे रौप्यपदक घेतले. तेव्हा उंची, हाडपेर आणि हवामान यांची सबब आशियातल्या कोणी पुढे करू नये.

जपानमधील एका घटनेचा तर प्रत्येक शिक्षकाने विचार करावा. १९५५ साली ‘शिऊन मारू’ नावाची प्रवासी नौका दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन बुडाली. १६८ माणसे दगावली. त्यांत सहलीला निघालेल्या शाळकरी मुलामुलींची संख्या फार मोठी होती. त्या राष्ट्राने या दुःखातून एक निष्कर्ष काढला : शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाला पोहता आलेच पाहिजे. शाळाशाळांतून तलाव बांधले गेले आणि पोहणे हा अभ्यासक्रमाचा भाग झाला. त्यामागचा हेतू पदकांचा नव्हता, प्राण वाचवण्याचा होता. पदके त्या रुंद पायावर नंतर उभी राहिली.

अशी दुःखे या देशालाही नवी नाहीत. २०२४ च्या जानेवारीत बडोद्याच्या हरणी तलावात सहलीची नाव उलटून बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबईच्या बंदरात घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि अनेक प्रवाशांचे प्राण गेले. अशा प्रत्येक अपघातानंतर नौकेत माणसे किती होती, जीवरक्षक जाकिटे होती की नव्हती, याची चौकशी होते आणि ती व्हायलाच हवी. परंतु बुडालेल्यांपैकी कितीजणांना पोहता येत होते, हा प्रश्न विचारला जात नाही. समुद्राने तीन बाजूंनी वेढलेल्या, विहार, तुळशी आणि पवई यांसारखी तळी कुशीत बाळगणाऱ्या आणि दर पावसाळ्यात कमरेएवढ्या पाण्यातून वाट काढणाऱ्या शहराला हा प्रश्न पडू नये, याचे आश्चर्य वाटते.

दुसरे उदाहरण अगदी शेजारचे. २०१६ साली दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धा गुवाहाटीला झाल्या. तेथे पन्नास व शंभर मीटर ब्रेस्टस्ट्रोकच्या स्त्रियांच्या दोन्ही शर्यती बांगलादेशच्या माहफुजा खातून हिने जिंकल्या. तलाव भारताचा, यजमान भारत, या विभागात साधनसंपत्तीने मोठा तोही भारतच. आणि सुवर्णपदके मात्र जेसोर जिल्ह्यातल्या एका सामान्य घरातून आलेल्या, आपल्या देशाच्या सरकारी क्रीडाशिक्षण संस्थेत घडलेल्या मुलीला. यजमानपदाने विजय मिळत नाही, हे गुवाहाटीने दाखवलेच आहे. ते अहमदाबादला पुन्हा सिद्ध करावयाचे नसेल तर शहाणपण आताच यावयास हवे.

विद्या, केवळ ताकद नव्हे

ब्रेस्टस्ट्रोक हा पोहण्याच्या चार प्रकारांतला सर्वांत संथ, पण शिकण्यास सर्वांत कठीण प्रकार. खेड्यातला मुलगा पाठीला डबा किंवा वाळलेला भोपळा बांधून विहिरीत उतरतो तेव्हा बेडकासारखे हातपाय मारूनच तो पहिल्यांदा तरंगतो. पण शर्यतीतला ब्रेस्टस्ट्रोक आणि ही बेडूकउडी यांत ओवी आणि अक्षरओळख यांच्याइतके अंतर आहे. दोन्ही हात आणि दोन्ही पाय एकाच वेळी, एकाच पातळीत हलले पाहिजेत. पायाचा फटकारा मारताना पाऊल बाहेर वळले पाहिजे. वळताना आणि संपवताना दोन्ही हातांनी एकदम भिंतीला स्पर्श झाला पाहिजे. एक पाय किंचित तिरका पडला तर पंच शर्यतीतून बाद करतो. हात, श्वास, पाय आणि सरकणे हा क्रम अंगवळणी पडण्यास वर्षे लागतात. चुकीचा पडला तर गुडघा कायमचा दुखावतो. म्हणून या प्रकारात जाणत्या शिक्षकाची गरज सर्वाधिक असते. स्वतःच शिकून पोहणारा फ्रीस्टाईलमध्ये काही अंतर जाऊ शकेल, ब्रेस्टस्ट्रोकमध्ये मात्र लवकरच त्याची वाट खुंटेल.

गेल्या पाव शतकात ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय मुलींची नावे पाहिली तर हे स्पष्ट होते. २००० साली निशा मिलेट, २००४ साली शिखा टंडन, २०१६ साली शिवानी कटारिया आणि २०२४ साली धिनिधी देसिंघू या फ्रीस्टाईलमध्ये पोहल्या, २०२१ साली टोकियोत माना पटेल पाठीवरच्या शर्यतीत. यांपैकी ब्रेस्टस्ट्रोकची एकही नाही. त्यांतही माना आणि धिनिधी यांचा प्रवेश, ज्या देशाचा कोणीही पात्र ठरत नाही त्याला सहभागापुरती जागा देण्याच्या पद्धतीनुसार झालेला. यात त्या मुलींना कमीपणा नाही. कमीपणा आहे तो दीडशे कोटींच्या देशाला. आशियाई स्पर्धांत तर आजवर भारतीय स्त्रीला जलतरणाचे वैयक्तिक पदक मिळाल्याची नोंद नाही. पुरुषांत मात्र २०१४ साली इंचिऑनला संदीप सेजवालने कांस्यपदक मिळवले ते पन्नास मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्येच. म्हणजे हा प्रकार भारतीयांच्या आवाक्याबाहेरचा नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात येते. मिलेट, टंडन आणि देसिंघू या तिघीही बंगळूरच्या. त्या शहराने गेल्या तीन दशकांत क्लब, प्रशिक्षक आणि स्पर्धा यांची एक साखळी उभी केली. मुंबईजवळ अशी परंपरा त्याआधीपासून होती. १९८७ साली मुंबईच्या अनिता सूद यांनी इंग्लिश खाडी विक्रमी वेळेत पार केली. आजही गुणवत्तेचा दुष्काळ नाही : २०२२ साली लिमा येथील जागतिक कनिष्ठ स्पर्धांत मुंबईची अपेक्षा फर्नांडिस दोनशे मीटर बटरफ्लायच्या अंतिम फेरीत पोहोचली. पण अशी एखादी मुलगी चमकते ती घरच्यांनी केलेल्या त्यागाच्या बळावर. व्यवस्थेच्या बळावर शंभर मुली तिच्या मागे रांगेत उभ्या असत नाहीत. एका पदकासाठी हजार मुली स्पर्धेत, आणि हजार स्पर्धकांसाठी लाख मुली पाण्यात असाव्या लागतात. हे गणित चुकवून कोणालाही शिखर गाठता आलेले नाही.

उपनगरातली मुलगी पाण्यापर्यंत कशी पोहोचते

उपनगरांत सार्वजनिक तलावच नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. अंधेरीचे शहाजीराजे भोसले क्रीडासंकुल, मुलुंडचे प्रियदर्शिनी इंदिरा गांधी क्रीडासंकुल, कांदिवलीचा सरदार वल्लभभाई पटेल तलाव आणि चेंबूरचा जनरल अरुणकुमार वैद्य तलाव ही नावे कुटुंबाकुटुंबांतून परिचित आहेत. अलीकडच्या वर्षांत अंधेरीला गिल्बर्ट हिल व कोंडिविटा, मालाडला चाचा नेहरू मैदान, विक्रोळीला टागोर नगर आणि दहिसर येथे महापालिकेने नवे तलाव खुले केले. ही गोष्ट नक्कीच अभिनंदनीय आहे. परंतु ९० लाखांहून अधिक वस्तीला हे तलाव बोटांवर मोजण्याइतके पडतात. त्यामुळे प्रत्येक तलावावर पाण्यापेक्षा माणसे अधिक अशी अवस्था होते, आणि जेथे चाळीस माणसे एकाच वेळी आडवीतिडवी पोहत असतात तेथे शर्यतीची तालीम होऊ शकत नाही.

खाजगी गृहसंकुलांत आता घरोघरी तलाव झाले आहेत, मग सार्वजनिक तलाव कशाला, असा प्रश्न विचारला जातो. मुलुंड किंवा अंधेरीच्या उंच इमारतींच्या जाहिरातींत दिसणारे ते निळे तलाव बहुधा शोभेचे आणि उथळ असतात. सूर मारण्याच्या चौथऱ्यासमोर किमान १.३५ मीटर खोल पाणी हवे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. कंबरभर पाण्यात सूर मारणे म्हणजे मानेशी खेळ. पन्नास मीटरच्या शर्यतीत तर निम्मी लढाई त्या पहिल्या सुरातच जिंकली जाते. आणि मुख्य गोष्ट अशी की त्या संकुलाच्या फाटकातून महापालिका शाळेतल्या मुलीला प्रवेश नसतो. पोहणे ही सदनिकेबरोबर विकत मिळणारी सोय झाली, तर ती विद्या राहत नाही, प्रतिष्ठेची खूण ठरते.

मुलगी म्हटली की अडचणी आणखी वाढतात. पहाटेच्या तुकडीला जायचे तर काळोखात घराबाहेर पडायला हवे. संध्याकाळच्या तुकडीला जायचे तर शिकवणी बुडते. स्त्रियांसाठी तास राखून ठेवणे ही चांगली प्रथा आहे, परंतु तो तास कोणता, यावर सारे अवलंबून असते. भर दुपारी राखलेला तास शाळेतल्या मुलीच्या आणि कचेरीतल्या तरुणीच्या काय कामाचा? ज्या वेळेला कोणालाच जमत नाही ती वेळ राखून ठेवायची, आणि उपस्थिती कमी म्हणून पुढे ती रद्द करायची, असा हा उपचार होऊन बसतो. स्त्री-प्रशिक्षक, स्त्री-जीवरक्षक, दार लागणारी कपडे बदलण्याची खोली, मासिक पाळीच्या दिवसांविषयी संकोचाशिवाय बोलू शकणारे कोणी जाणते माणूस, या गोष्टी चैनीच्या नव्हेत. मुलगी तेराव्या वर्षी पाणी सोडते की पुढे पोहत राहते, हे त्यांवरच ठरते.

आणि तिने पाणी सोडावे म्हणून घरचा दबावही असतोच. पोहण्याच्या पोशाखाविषयीची कुजबुज, ऊन आणि क्लोरीन यांनी रंग काळवंडेल ही आजीची चिंता, दहावीचे वर्ष. परीक्षेत मिळणारे क्रीडागुण आणि नोकरीतील खेळाडूंसाठीच्या पाच टक्के जागा यांमुळे काही पालक मुलींना खेळू देतात, हे खरे. पण गुण पदरात पडले की खेळ संपतो. खेळ हा गुणपत्रिकेचा पूरक कागद मानणाऱ्या समाजात शर्यतीची अंतिम फेरी ही दहावीचीच परीक्षा ठरते.

पाणीकपातीचा आक्षेप

दरवर्षी उन्हाळ्यात आणखी एक आक्षेप डोके वर काढतो : प्यायला पाणी नाही आणि पोहायला तलाव कसले? हा आक्षेप भावनेला भिडणारा आहे, म्हणून तो आकड्यांवर घासून पाहिला पाहिजे. पन्नास मीटर लांब, पंचवीस मीटर रुंद आणि सरासरी दोन मीटर खोल अशा तलावात २५ लाख लिटर पाणी मावते. मुंबईचा रोजचा पाणीपुरवठा सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर आहे. म्हणजे एक पूर्ण आकाराचा तलाव भरण्यास शहराच्या एका दिवसाच्या पाण्याचा सुमारे दीड हजारावा हिस्सा लागतो. तोही रोज नव्हे. तलावाचे पाणी गाळून, शुद्ध करून पुनःपुन्हा फिरवले जाते. भर घालावी लागते ती बाष्पीभवनाची आणि गाळणी धुण्याची. जुन्या, फुटक्या जलवाहिन्यांतून जे पाणी वाया जाते त्याचा जाब न विचारता मुलींच्या तलावाकडे बोट दाखवणे, हे सुईच्या नेढ्याला बूच आणि मोरीला मोकळीक अशातला प्रकार झाला.

पैशाची सबब तर मुळीच टिकत नाही. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींहून अधिक रकमेचा होता. तलाव बांधण्याइतका पैसा या शहराजवळ आहे. उणीव असते ती बांधलेला तलाव चालू ठेवण्याच्या चिकाटीची. उद्‍घाटनाला पाहुणे मिळतात, गाळणयंत्राच्या दुरुस्तीला मिळत नाहीत. पोहणारी मुलगी चार महिने पाण्याबाहेर राहिली तर तिचे एक वर्ष मागे पडते. करोनाच्या काळात देशभरातील तलाव बंद राहिले तेव्हा पोहणाऱ्यांना हे कळून चुकले.

त्याच काळातले एक उदाहरण उद्‍बोधक आहे. टोकियोत स्त्रियांची शंभर मीटर ब्रेस्टस्ट्रोकची शर्यत जिंकली ती अमेरिकेच्या अलास्का प्रांतातील सतरा वर्षांच्या लिडिया जेकोबीने. तिचे स्यूअर्ड हे गाव तीन हजारांहूनही कमी वस्तीचे; साऱ्या अलास्कात पन्नास मीटरचा तलाव एकच, आणि तोही तिच्या गावापासून दूर अँकरेजला. यावरून कोणी म्हणेल की सोयींवाचूनही सुवर्णपदक मिळते. नीट पाहिले तर धडा उलट आहे. तीन हजारांच्या त्या गावातही शाळेला जोडलेला लहान का होईना तलाव होता, क्लब होता आणि शिक्षक होता. सहा वर्षांची मुलगी त्यात उतरली, म्हणूनच पुढे दूरच्या मोठ्या तलावापर्यंत जाण्याचा प्रश्न निर्माण झाला. पहिली पायरी घराजवळ असावी लागते, शेवटची दूर असली तरी चालते.

उसनवारीची परंपरा

हेलसिंकीला जाण्यासाठी खाशाबांना वर्गणी काढावी लागली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी त्यांच्यासाठी घर गहाण टाकले. वांद्र्याच्या मेरी डिसोझा यांच्या प्रवासखर्चासाठीही मित्रमंडळींनी निधी उभा केला. नवस्वतंत्र, गरीब देशाची ती अडचण होती, असे म्हणता येते. परंतु २०१७ साली, पासष्ट वर्षांनंतर, नागपूरच्या दृष्टिहीन जलतरणपटू कांचनमाला पांडे बर्लिनच्या स्पर्धेला गेल्या तेव्हा मंजूर झालेली सरकारी रक्कम वेळेवर न पोहोचल्यामुळे परक्या शहरात त्यांच्यावर उसनवारीची वेळ आली. तशाही स्थितीत त्यांनी तेथे रौप्यपदक मिळवले आणि त्याच वर्षी मेक्सिकोतील जागतिक स्पर्धेत दोनशे मीटर मिश्र प्रकाराचे सुवर्णपदक जिंकले. या मिश्र प्रकारात ब्रेस्टस्ट्रोकही येतोच. देश आता गरीब राहिलेला नाही. मग ही उसनवारी कशाची? ती पैशाची नसून व्यवस्थेच्या अनास्थेची आहे. खेळाडूच्या जिद्दीचे कौतुक करून आपल्या कर्तव्याची फेड झाली असे मानण्याची सवय या अनास्थेच्या मुळाशी आहे.

यावर उपाय अवघड नाहीत, कंटाळवाणे मात्र आहेत. इयत्ता चौथी ते सातवीच्या प्रत्येक महापालिका व अनुदानित शाळेतील मुलामुलींना वर्षातून काही आठवडे जवळच्या सार्वजनिक तलावावर नेऊन पोहणे शिकवावे. मुलींसाठीचा राखीव वेळ शाळा-कचेरीनंतरचा असावा आणि वर्षभर तो बदलू नये. प्रत्येक मोठ्या तलावावर दोन मार्गिका सकाळ-संध्याकाळ सरावासाठी राखून ठेवाव्यात. स्त्री-प्रशिक्षकांची पदे कंत्राटी न ठेवता कायम करावीत. दुरुस्तीसाठी तलाव बंद करायचा तर तो केव्हा उघडणार ही तारीख फाटकावर लावावी आणि ती पाळावी. उपनगरांच्या शाळांतून आंतरशालेय जलतरण स्पर्धा दर महिन्याला व्हाव्यात. वर्षातून एकदा होणाऱ्या स्पर्धेतून समारंभ होतात, स्पर्धक होत नाहीत. यांपैकी एकाही गोष्टीला आंतरराष्ट्रीय यजमानपद लागत नाही, परदेशी सल्लागार लागत नाही.

२०३६ साली ऑलिंपिक भारतात होवो अथवा न होवो, त्या वर्षी वीस वर्षांची होणारी मुलगी आज शाळेत आहे. ती बोरिवलीच्या एखाद्या चाळीत असेल, घाटकोपरच्या डोंगरावरील वस्तीत असेल, मुलुंडच्या कारकुनाच्या दोन खोल्यांत असेल. तिला पदक मिळेलच असे कोणीही सांगू शकणार नाही. परंतु तिला पोहता येईल, पुराच्या किंवा समुद्राच्या पाण्यात ती जीव गमावणार नाही आणि आपल्या शरीराविषयीचा आत्मविश्वास घेऊन ती मोठी होईल, हे मात्र आजच्या निर्णयांनी निश्चित करता येते. हेलसिंकीच्या पाण्यात डॉली नझीर आणि आरती साहा यांनी जी वाट प्रथम पाहिली, तिच्यावर पुढच्या मुलींना पाऊल टाकता यावे यासाठी दिव्यांच्या आतषबाजीपेक्षा घराजवळच्या तलावाचे उघडे फाटक अधिक उपयोगी पडेल.